बारा चाचण्यांचे पैसे भरले आहेत

३ ऑगस्ट, शनिवार

आज टपालाने आले ते असे. जाड पुस्तके चार, पैकी एकाचा कोपरा दुमडलेला. चाचणी क्रमांक एकचे सीलबंद पाकीट. उत्तरपत्रिका एक, हिच्यात उत्तर लिहायचे नाही, बारीक गोल पेन्सिलीने काळे करायचे. परतीचे पाकीट एक, पत्ता त्यांनी छापलेला, तिकीट मात्र आपले. न मागता आले: हसऱ्या मुलामुलींचे फोटो असलेले गुळगुळीत पत्रक. ते कपाटाच्या खालच्या खणात अंथरले, मापात बसले. एकूण किंमत चार हजार आठशे. त्यात दर दहा दिवसांनी एक अशा बारा चाचण्या, तपासून निकाल घरपोच. नवा कुकर पुढच्या वर्षी.

हा सगळा खटाटोप चिरंजीवांच्या मॅनेजमेंटच्या प्रवेश परीक्षेसाठी. परीक्षा ८ डिसेंबरला. ती नीट पार पडली की मोठे कॉलेज, मग मोठी कंपनी. वन्संचा मुलगा याच वाटेने गेला, आणि त्याच्या ऑफिसातली खुर्ची चारी दिशांना फिरते हे वन्सं दर फोनला सांगतात. आमचे दुकान तराजू आणि वजनकाट्यांचे, पुढे विक्री, मागे दुरुस्ती. तिथे एकच स्टूल आहे आणि ते फिरत नाही.

पुस्तके पाहून हे म्हणाले, "माझा जन्म गेला दुसऱ्यांचे काटे सरळ करण्यात. याचं तरी काही वजन पडू दे जगात."

चिरंजीव म्हणाले, "पुस्तकांचंच पाच किलो सातशे भरेल."

ह्यांना ते उद्धटपणाचे वाटले. मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर घालून पाहिले. पाच किलो सहाशे ऐंशी.

पुस्तके देवापुढे ठेवून प्रार्थना केली. बाकी त्याच्यावर सोपवले.

१६ ऑगस्ट, शुक्रवार

पहिल्या चाचणीचा निकाल आला. पर्सेंटाइल ४७. मला वाटले शंभरापैकी ४७ मार्क. चिरंजीवांनी समजावले की मार्क नव्हेत, शंभर जणांमधले ४७ आपल्या मागे आहेत. मी म्हटले, "म्हणजे बावन्न पुढे?" ते म्हणाले, "तू मागच्यांकडे बघ ना आई, ते बिचारे किती जण आहेत!"

हे जेवल्यावर कंबर दुखते म्हणून लवकर आडवे झाले. त्यांची कंबर असल्या दिवशीच दुखते.

२७ ऑगस्ट, मंगळवार

काल दुसरा निकाल, ५१. आणि आज केर काढताना चाचणी क्रमांक तीनचे पाकीट कॉटखाली सापडले, चपलेशेजारी, न फोडलेले. पाठवायची शेवटची तारीख २९.

चिरंजीव घरी नव्हते. हल्ली कॉलेजच्या लायब्ररीत म्हणून जातात ते दुकानाच्या मागच्या दाराने आत शिरतात आणि मिस्त्रींच्या शेजारी बसतात. मिस्त्री आमच्याकडे तीस वर्षे दुरुस्ती करतात. पुढे गल्ल्यावर बसलेल्या ह्यांना मागचे दिसत नाही, मध्ये पडदा आहे.

जेवायला आले तेव्हा पाकीट पुढे ठेवले.

"पाठवणार कधी?"

"नाही पाठवत."

"म्हणजे?"

"आई, मला नाही जायचं तिकडे. मला काटे दुरुस्त करायचेत. इलेक्ट्रॉनिक काटा मिस्त्रींना उघडता येत नाही, मी काल उघडला, आणि चालू केला. बाबांना सांगू नकोस."

"आणि हे पाकीट?"

"जाऊ दे ना ते."

जाऊ दे! चारशेचे पाकीट! पोराला वाढवण्यात माझे कुठेतरी चुकले आहे. काटे दुरुस्त करायचे म्हणतात ते वयाचे खूळ, जाईल. पण २९ तारीख काही थांबणार नाही.

२८ ऑगस्ट, बुधवार

जे पैसे दिले ते वसूल झाले पाहिजेत. घेतलेले अन्न टाकू नये तशी घेतलेली चाचणीही टाकू नये. दुपारी दोन ते चार घर मोकळे असते. स्वयंपाकघरातले घड्याळ समोर ठेवले, पेन्सिल घेतली आणि मीच गोल काळे करून टाकले. नंबर चिरंजीवांचा घातला, कारण पैसे त्या नंबरावर भरले आहेत.

काही विशेष नाही. गणितात नफा, तोटा, व्याज, टाकीत पाणी किती वेळात भरते. आमच्या टाकीला गळती आहे, त्यामुळे तो प्रकार रोजचाच. भाषेच्या भागात उतारा देतात आणि त्यात काय लिहिले आहे ते विचारतात. आपल्याला काय वाटते ते विचारत नाहीत, तेव्हा संसार केलेल्या बाईला सोपे जाते. तर्काच्या भागात आठ जण गोल टेबलाभोवती जेवायला बसले आहेत, वकील डॉक्टरशेजारी बसत नाही, शिक्षिकेच्या समोर इंजिनिअर नको, तर व्यापारी कुठे? यात विचार करण्यासारखे काय आहे? माझ्या सासरच्या माणसांना एका खोलीत बसवून जेवू घालणे याहून कितीतरी अवघड. तिथे उठून जाणारेही असतात.

दोन तासांची चाचणी, दहा मिनिटे उरली. त्यात भाजी निवडली.

देवाला हे सांगितले नाही. त्याला सगळे दिसतेच, मुद्दाम काय सांगायचे.

९ सप्टेंबर, सोमवार

पोस्टमनने पाकीट नेमके ह्यांच्या हातात दिले. ह्यांनी दारातच फोडले. ९१.

मी घाबरून दाराला कडी लावली. हे चिठ्ठी हातात घेऊन तीनदा इकडून तिकडे गेले. कंबरेला हात नव्हता.

"बघ! म्हटलं नव्हतं? पोरगं आळशी आहे, डोकं नाही असं नाही. डोकं माझ्या वळणावर गेलंय."

मी म्हटले, "अहो, ती चाचणी मी..."

"तू काय, दुपारचा चहा करून दिलास. तेही लागतंच म्हणा. पण यातलं तुला काय कळणार!"

मग इतक्या महिन्यांनी त्यांनी शीळ घातली. शीळ घालणाऱ्या माणसाला काय सांगायचे? 

नंतर शांतपणे विचार केला तेव्हा लक्षात आले की यात घाबरण्यासारखे नसून आनंदाचीच गोष्ट आहे. शाळा सोडून तीस वर्षे झालेल्या मॅट्रिक बाईला ९१ पडतात, याचा अर्थ परीक्षा फारच सोपी आहे. चिरंजीव तर पदवीच्या शेवटच्या वर्षाला. ८ डिसेंबरला त्यांना याहून कमी कसे पडतील? म्हणजे ही चिठ्ठी खोटी नाही, नुसती आगाऊ आली आहे.

हा हिशेब बसल्यावर झोप चांगली लागली.

२३ सप्टेंबर, सोमवार

चौथ्या चाचणीला ९६. पाचवी परवा पाठवली.

एक चांगले चिन्ह दिसते आहे. चिरंजीव हल्ली माझी पेन्सिल स्वतः तासून ठेवतात, मिस्त्रींच्या ब्लेडने, टोक असे की सुई लाजावी. दोनच्या ठोक्याला बाहेर जाताना म्हणतात, "आई, दार लोटून घे, तुला कुणी त्रास द्यायला नको." पेन्सिलीची गोडी लागली म्हणजे अभ्यासाचीही लागेल.

ह्यांचाही राग गेला. पडद्यामागे चिरंजीव सापडले तरी म्हणतात, "बसू दे थोडा वेळ. एवढी बुद्धी तापते, तिला कुठेतरी निवायला हवं." मग सगळ्यांचेच चांगले चालले आहे.

१४ ऑक्टोबर, सोमवार

९७. ह्यांनी फोन करून वन्संना सांगितले. वन्सं थोडा वेळ गप्पच झाल्या, लाइन कट झाली असे ह्यांना वाटले. मग म्हणाल्या, "आमच्याला सुद्धा एवढे कधी पडले नव्हते हो. क्लास कुठला?"

"क्लास कसला, घरीच! टपालाने."

"मग शिकवतं कोण?"

"कोणी नाही. आमच्या घराण्यातच आहे ते."

मी कणीक मळत होते. मला मॅट्रिकला गणितात पैकीच्या पैकी होते. हेडमास्तर घरी आले होते, मुलीला पुढे शिकवा म्हणायला. वडील म्हणाले, शिकवलं असतं, पण स्थळ चांगलं आहे. स्थळ म्हणजे हे. पण तेव्हा पेपर सोपे असत, त्यात काही मोठेपणा नाही. आज उगीच आठवले.

२९ ऑक्टोबर, मंगळवार

आठवी चाचणी ९८. आणि त्यावरून आज घरात भलतेच घडले.

शेजारच्या गाळ्यातले औषधवाले दोन वर्षांपासून आमचा गाळा मागत आहेत. त्यांना भिंत पाडून मोठे दुकान करायचे आहे. हे दरवेळी "बघू" म्हणत. आज संध्याकाळी आले ते चपला न काढताच म्हणाले, "दिला शब्द. सबंध गाळा. जानेवारीअखेर मोकळा करून द्यायचा. त्या पैशात दोन वर्षांची फी, हॉस्टेल, सगळं बसतं."

"आणि दुकान?"

"काय करायचंय दुकान? अठ्ठ्याण्णव पडणारा पोरगा तराजू विकणार का?"

"मिस्त्री?"

"मिस्त्री थकलेत. त्यांनाही विश्रांती."

चिरंजीव ताटावरून उठले. माझ्याकडे पाहिले, ह्यांच्याकडे पाहिले, आणि हात धुवायला गेले ते बराच वेळ धूतच होते. वाटले, आता काहीतरी बोलतील. बोलले नाहीत. मग मी तरी कशाला बोलू?

पण रात्री जपाला बसले तर मणी सरकेना. देवाला म्हटले, मी खोटे बोललेले नाही, मला कुणी विचारलेलेच नाही. देव काही म्हणाला नाही. तोही ह्यांच्यासारखाच, निकाल लागल्याशिवाय बोलत नाही.

तरीही हिशेब पुन्हा करून पाहिला: परीक्षा सोपी, मुलगा हुशार. बरोबर येतो आहे.

१५ नोव्हेंबर, शुक्रवार

दहाव्या चाचणीला ९९. पण सांगायचे ते वेगळेच. अकराव्या चाचणीची वाट पाहत होते, आली ती छापील चिठ्ठी. "आपली तयारी पूर्ण झाली असल्याने आपल्याला उरलेल्या दोन चाचण्यांची आवश्यकता नाही. आपले अभिनंदन."

वा रे वा! आवश्यकता आहे की नाही हे ठरवणारे हे कोण? पैसे बारांचे घेतले, चाचण्या दहा. खानावळीतल्या गिऱ्हाइकाला "तुमचं पोट भरलेलं दिसतंय" म्हणून शेवटची पोळी वाढायची नाही, त्यातला प्रकार. चिठ्ठी जपून ठेवली आहे.

दुपारी दोन वाजता काय करावे कळेना. पेन्सिल तासलेली तशीच पडून होती.

८ डिसेंबर, रविवार

परीक्षा झाली. पहाटेपासून उपास केला. चिरंजीव जाताना पाया पडले तेव्हा कानात म्हटले, "घाबरू नकोस, फार सोपी असते." त्यांनी माझ्याकडे असे पाहिले की जणू मीच लहान आहे.

दुपारी परतले.

"कसा गेला पेपर?"

"गेला."

"ते गोल टेबलावाले आले होते का?"

"आले होते. त्यांना उभंच ठेवलं मी."

ह्यांना हा विनोद फार आवडला. दिवसभर सांगत होते.

१७ जानेवारी, शुक्रवार

निकाल. ५८.

हे चिठ्ठी उलटी करून पाहत होते, मागे आणखी काही आकडा असेल म्हणून. मग म्हणाले, "मशीनची चूक आहे. अठ्ठ्याण्णवचा अठ्ठावन्न छापलाय. मी त्यांना कोर्टात खेचतो. तीस वर्षं काट्यांत काढली मी, खोटं वजन मला लांबून ओळखू येतं."

चिरंजीव म्हणाले, "बाबा, हे खरं वजन आहे. आधीची खोटी होती. तिसऱ्यापासून पुढे एकही चाचणी मी दिलेली नाही."

"मग कोणी दिली?"

 मला वाटले होते, चिरंजीव माझ्याकडे बोट दाखवतील. दाखवले नाही. पोराला वाढवण्यात सगळेच काही चुकलेले नाही.

मी म्हटले, "मी दिली."

ह्यांना आधी हसू आले. मग आले नाही.

"का?"

"पैसे भरलेले होते."

 दूध उतू गेले. अर्धा लिटर तरी गेले असेल, आणि मी उठले नाही. तीस वर्षांत असे पहिल्यांदाच.

मग मी म्हटले, "मला वाटलं, मला एवढे पडतात म्हणजे परीक्षा सोपीच असणार, मग याला तर..."

चिरंजीव म्हणाले, "आई, परीक्षा सोपी नव्हती. तुला सोपी होती."

याचा अर्थ नीट लागला नाही. लिहून ठेवते आहे.

१८ जानेवारी, शनिवार

ह्यांचा विश्वास बसत नाही. सकाळी चहाच्या वेळी म्हणाले, "उत्तरं पुस्तकात मागे असतात. तिथून उतरवलीस."

"चाचण्यांची नसतात. ती त्यांच्याकडेच असतात."

"बरं. मग मी विचारतो. कुठल्या पुस्तकात सापडणार नाही असं, धंद्यातलं." पेला बाजूला सारला. "तराजू आहे. दांडी खराब, एका बाजूला लांब, एका बाजूला आखूड. दुकानदार प्रामाणिक. गिऱ्हाइकाला दोन किलो डाळ द्यायची. तो काय करतो, एक किलो डाव्या पारड्यात तोलतो, एक किलो उजव्या. फिट्टंफाट. कोण बुडालं?"

"दुकानदार."

"चूक! कोणीच नाही. अगं, तीस वर्षं मी सगळ्यांना हेच सांगतोय. काटा दुरुस्तीला येईपर्यंत पारडी आलटूनपालटून वापरा, बरोबर होतं."

"मग तीस वर्षं ते सगळे थोडे थोडे बुडाले," मी म्हटले. "दांडी एकीकडे पाच बोटं आणि दुसरीकडे चार बोटं धरा. एका पारड्यातून किलोच्या जागी सव्वा किलो जातं. दुसऱ्यातून आठशे ग्रॅम. झाले दोन किलो पन्नास. एकीकडून जेवढं जास्त जातं तेवढं दुसरीकडून परत येत नाही. नेहमी देणाऱ्याचंच जातं."

ह्यांनी चपला घातल्या. चहा अर्धा राहिला होता, तो मी घेतला.

दुपारी चिरंजीव धावत घरी आले. हकिगत अशी की ह्यांनी मिस्त्रींना एका जुन्या दांडीला मुद्दाम पाचाला चार असे भोक पाडायला लावले, रिकामी पारडी शिसे लावून सारखी केली, डाळ आणवली, दोन्ही पारड्यांतून किलो किलो तोलली, आणि दोन्ही मिळून चांगल्या काट्यावर घातली. दोन किलो पन्नास ग्रॅम.

"मग?"

"मग बाबांनी काटा पुसला आणि परत घातली. तेवढीच. मिस्त्री म्हणाले, वहिनींना बसवा गल्ल्यावर. बाबा म्हणाले, डाळ घरी पाठवून द्या."

डाळ मिळाली. पन्नास ग्रॅम कमी आहे, पिशवीला भोक होते.

१९ जानेवारी, रविवार

आज तिघे टेबलाशी बसलो. ५८ वर प्रवेश देणारे एकच कॉलेज सापडले. त्याच्या माहितीपुस्तकात इमारतीपेक्षा झाडांचे फोटो जास्त आहेत आणि फी मात्र मोठ्या कॉलेजाएवढी. दुसरीकडे औषधवाले, शब्द दिलेला, तारीख ३१.

हे म्हणाले, "बोला आता. नव्याण्णव पडलेत ना तुम्हाला? करा मॅनेजमेंट." टोमणाच होता, पण म्हणून काही प्रश्न खोटा नव्हता. मी कागद घेतला आणि चाचणीत असतो तसा तक्ता केला.

"तुम्ही औषधवाल्यांना काय दिलंय?"

"सबंध गाळा."

"त्यांना रस्त्यावरची बाजू हवी. मागे अंधार आहे, तिथे औषधं खराब होतील. काटे विकण्यात आता काही राहिलेलं नाही, महिन्यात चार जात नाहीत. पण दुरुस्तीला तीन महिन्यांत किती इलेक्ट्रॉनिक काटे आले रे?"

"एक्केचाळीस," चिरंजीव म्हणाले. "आधी आपण परत पाठवत होतो."

"पुढचा भाग त्यांना द्या. मागचा ठेवा. दार मागे आहेच."

हे म्हणाले, "मी शब्द दिलाय."

"अर्धा पाळा."

"अर्धा शब्द! असा कधी असतो का शब्द?"

"सबंध तुम्ही माझ्या मार्कांवर दिला होता. ते मार्क याचे नव्हते. मग सबंध कुठून आणायचा?"

ह्यांनी बराच वेळ तक्त्याकडे पाहिले. मला वाटले बेरजेत चूक काढतील. शेवटी विचारले, "याला पडद्यामागे जन्म काढायचाय?"

चिरंजीव म्हणाले, "पडदा काढू आपण, बाबा."

हे उठले ते थेट औषधवाल्यांच्या घरी. परतायला दोन तास लागले. आल्यावर एवढेच म्हणाले, "तेही म्हणाले, मागे ओल आहे, नकोच होतं." मग जरा थांबून, "मला तीन महिने आधी सांगायला काय झालं होतं तुम्हा दोघांना?"

"तुम्ही शीळ घालत होता," मी म्हटले.

कंबर दुखते म्हणाले. शेकून दिली. शेकताना, भिंतीकडे तोंड करून विचारले, "त्या डाळीचं तुला सुचलं कसं?" मी म्हटले, "सोपं होतं." मग एकदम ते चिरंजीवांचे वाक्य आठवले.

२५ जानेवारी, शनिवार

चाचणीवाल्यांचे पत्र. टपालाने शिकणाऱ्या सर्व विद्यार्थ्यांत दहाव्या चाचणीला आमचा नंबर पहिला आला आहे. नव्या पत्रकात छापण्यासाठी विद्यार्थ्याचा फोटो आणि मुख्य परीक्षेचा निकाल पाठवावा.

चिरंजीवांनी पत्र माझ्यापुढे ठेवले. "हे तुझं आहे."

"नाव तुझं आहे."

"नाव सोड. फोटो कोणाचा पाठवू, माझा?"

कपाटाच्या खालच्या खणातले जुने पत्रक काढून पाहिले. हसरी मुले. कोणीच माझ्या वयाचे नाही. पुन्हा अंथरले.

माझा एकटीचा फोटो घरात नाही. लग्नातला आहे त्यात अर्धी मी आहे आणि अर्धा हार.

२७ जानेवारी, सोमवार

आज सकाळी फोटो काढून आले. हे सोबत आले होते. फोटोवाल्याने "हसा" म्हटले तर ह्यांनीच मधे पडून सांगितले, "त्यांना हिशेब घाला एखादा, मग हसतील." दुपारी दोनला पत्र लिहायला बसले. पेन्सिल तासलेली होती, पण पत्र शाईनेच लिहिले. त्याची नक्कल:

"सप्रेम नमस्कार, विनंती विशेष.

आपले पत्र पोचले. त्यातील मजकुरात चूक आहे, ती माझी आहे. ज्या नंबरास आपण पहिला म्हणता त्या नंबराचे विद्यार्थी माझे चिरंजीव. त्यांनी चाचण्या दिल्या फक्त दोन. तिसरीपासून दहावीपर्यंत त्या मी सोडवल्या, कारण पैसे भरलेले होते. हे आपल्यास आधी कळवायला हवे होते. मुख्य परीक्षेत चिरंजीवांना ५८ पडले. ते आता दुकानात असतात व आनंदात आहेत. तरी त्यांचे नाव पत्रकात घालू नये.

आपण मागितलेला फोटो पाठवीत आहे, तो माझा. छापलाच पाहिजे असे नाही. फोटोवाला तीनपेक्षा कमी प्रती काढीत नाही. उरलेल्या दोन ठेवल्या आहेत, अर्जाला लागतात असे ऐकले.

चाचण्या सोप्या आहेत अशी इतके दिवस माझी समजूत होती. घरातील मंडळींचे मत तसे नाही. तेव्हा खालील गोष्टींचा खुलासा व्हावा. मॅट्रिक झालेल्या, वय वर्षे सत्तेचाळीस असलेल्या बाईस ही परीक्षा देता येते काय? आधी पदवी लागत असल्यास तिचा अभ्यास टपालाने होतो काय, व त्यास किती वर्षे लागतात? मला दुपारी दोन ते चार वेळ असतो.

शेवटचे. चाचण्या बारा ठरल्या होत्या, आल्या दहा. आमची तयारी पूर्ण झाली असे आपण परस्पर ठरवले, ते मला मान्य नाही. क्रमांक अकरा व बारा पाठवून द्याव्यात. पाकिटावर या वेळी चिरंजीवांचे नाव घालू नये. माझे खाली सहीत आहे, ते पूर्ण घालावे. सोबत तिकीट लावलेले पाकीट जोडले आहे. काय ते उलट टपाली कळवावे."